३ लाख ८० हजार किमी झालेली डिझेल व्हॅन: गरम असताना उशिरा स्टार्ट, कूलंट घटतंय, निघताना थरथर

मालवाहू_४
२.२ लिटर कॉमन रेल टर्बो डिझेल (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून डिझेल मिळतं), मागच्या चाकांना ड्राइव्ह, दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा). रोज माल भरून फिरते, थांबे भरपूर. सध्या तीन तक्रारी आहेत.

१) थंड इंजिन एका सेल्फमध्ये चालू होतं. गरम झाल्यावर बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी लावली की सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागतो. चेक लाइट नाही.
२) कूलंट आठवड्याला साधारण अर्धा लिटर घालावं लागतं. जमिनीवर डाग नाही.
३) माल भरलेला असताना निघताना खालून थरथर येते, वेग २५-३० झाला की जाते.

गॅरेजवाले चारही नोझल (इंजेक्टर), हेड गॅसकेट आणि क्लच एकदम करायला सांगतायत. गाडी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवता येणार नाही. आधी काय तपासू? आणि उघडल्यावर सोबत काय बदलून घ्यावं?

रेल_प्रेशर
अजून एकही पार्ट घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी काहीही न उघडता बऱ्याच अंशी तपासता येतात.

गरम स्टार्टचं बघू. स्कॅनर लावा, इंजिन गरम असताना सेल्फ मारा आणि दोनच आकडे बघा: इंजिनचा आरपीएम आणि रेलचं प्रेशर.

आरपीएम शून्य दाखवतोय किंवा उड्या मारतोय, तर क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा). तापल्यावर त्याचा सिग्नल तुटतो आणि थंड झाला की परत ठीक होतो. सेल्फ मुळात जड फिरत असेल तर सेल्फ मारताना मल्टिमीटर लावा. बॅटरीवर ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. मग बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मोजा: ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थिंगची पट्टी सडली आहे. पॉझिटिव्ह आणि स्टार्टरचा बोल्ट यांच्यात ०.५ पर्यंत चालतं. जुन्या व्हॅनमध्ये अर्थिंग पट्टी आणि केबलच्या टोकाची गंज यांच्यापायी कितीतरी चांगले स्टार्टर बदलले जातात.

आरपीएम २०० च्या वर आहे पण प्रेशर २००-२५० बारपर्यंत पोचतच नाही, तर डिझेल कुठेतरी परत पळतंय. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या नोझलच्या आतल्या व्हॉल्व्हमधून रिटर्नला निसटतं आणि सेल्फच्या संथ फिरण्यात पंप तेवढं भरून काढू शकत नाही. थंड असताना तेच डिझेल घट्ट असतं, म्हणून सकाळी तक्रार नाही.

कोणता नोझल ते रिटर्न चाचणीत कळतं. चारही नोझलच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या, खुणा केलेल्या बाटल्यांत सोडा, टाकीकडे जाणारं तोंड बंद करा, गरम इंजिन आयडलवर तीन मिनिटं चालवा. ज्या बाटलीत बाकीच्यांच्या दुपटी-तिपटीने डिझेल येईल तो नोझल गेला. चारही सारखे असतील तर रेलच्या टोकाचा प्रेशर व्हॉल्व्ह आणि हाय प्रेशर पंप बघायचा. काही पीझो (विजेने फुगणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्या) नोझलना रिटर्नमध्ये १० बारच्या आसपास दाब लागतो, त्यांना साध्या बाटल्यांची चाचणी लावू नका.

चालू इंजिनावर हाय प्रेशर पाइपचं नट सैल करून बघायची जुनी सवय कॉमन रेलवर कृपया वापरू नका. आत हजार बारच्या वर दाब जातो, ती धार कातडीत शिरते आणि बोट कापायची वेळ येते. गळती कुठे आहे हे हाताने चाचपूही नका.

गॅसकेट_आणि_सील
कूलंटबद्दल. जमिनीवर डाग नाही म्हणजे हेड गॅसकेट, हा निष्कर्ष फार घाईचा. गरम भागावर पडलेला थेंब तिथेच वाळतो.

इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीवर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा. झाकणावर जितका दाब लिहिलाय तितकाच भरा, पंधरा मिनिटं काटा बघा. काटा उतरला तर टॉर्च घेऊन वॉटर पंपाखालचं छोटं भोक, रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी जिथे दाबून बसवलेली असते ती कड, आणि मागच्या हीटरला जाणारे फ्लोअरखालचे पाइप तपासा. रंगीत, खरखरीत पापुद्रा दिसेल. झाकणही तपासा, त्याचं स्प्रिंग ढिलं पडलं की वाफ निघून जाते.

काटा हललाच नाही तर संशय ईजीआर कूलरवर (इंजिनात परत सोडायचा एक्झॉस्ट गॅस कूलंटने थंड करणारा भाग). त्याची चीर बहुतेक गरम झाल्यावरच उघडते आणि कूलंट एक्झॉस्टमधून वाफ होऊन जातं. कूलरच्या एक्झॉस्ट बाजूचा पाइप काढा. काजळी कोरडी काळी असायला हवी. ओली किंवा धुऊन निघाल्यासारखी स्वच्छ जागा दिसली तर कूलर गेला. खात्रीसाठी तो काढून, कूलंटची तोंडं बंद करून, गरम पाण्यात बुडवून हवेचा दाब द्या. बुडबुडे दिसतात.

हेड गॅसकेटसाठी टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची गॅस चाचणी घ्या. रंग हिरवट-पिवळा झाला तरच पुढे जा. आणखी एक खूण: थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत, पाणी तापायच्या आधीच वरचा होज दगडासारखा टणक झाला तर सिलिंडरमधला गॅस आत येतोय. ऑइलच्या झाकणाखालच्या पांढऱ्या मलईवरून मात्र काही ठरवू नका, सतत थांबे घेणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही जमते.

सेंटर_बेअरिंग
थरथर क्लचची का शाफ्टची ते असं ओळखा. पेडल अर्धं सोडतानाच येते आणि पूर्ण सोडल्यावर थांबते, तर क्लच, फ्लायव्हील किंवा इंजिन-गिअरबॉक्सचे माउंट. पेडल पूर्ण सोडल्यावरही ओढताना वेगाबरोबर बदलत राहते आणि रिकाम्या गाडीत कमी होते, तर मधलं बेअरिंग. त्याचा रबर फाटला की ओझ्याखाली शाफ्ट खाली-वर होतो. गाडी स्टँडवर घेऊन, चाकांना ओट लावून, न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने वर ढकला. रबर किंचित दबेल, पण शाफ्ट मोकळा हलता कामा नये. शाफ्टचे क्रॉस (वळणारे सांधे) फिरवताना अडखळले तर तेही बदला.

काढण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर आणि सरकत्या जोडावर पांढऱ्या रंगाच्या खुणा कराच. एक खाच चुकली तरी नवीन बेअरिंग टाकूनही थरथर राहते. मागचे पाटे बसले असतील तर शाफ्टचा कोन बिघडतो, तेही मोजा.

मालवाहू_४
तपासून आलो. गरम सेल्फला आरपीएम २३०, प्रेशर १४० वर रेंगाळतं, २१० ला पोचलं की चालू होते. नोझल साधे सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणारे) आहेत. रिटर्न: २८, ३०, ९५, ३१ मिली. कूलंटचा काटा उतरला नाही, निळा द्रव निळाच. ईजीआर कूलरच्या तोंडाशी ओलं आहे. शाफ्ट खूप हलतो, पेडलशी संबंध नाही. मग तिसरा एकच नोझल बदलू?

रेल_प्रेशर
हो, तिसराच. बाकी तीन एकमेकांच्या जवळ आहेत, ते चालू द्या. हेड आणि क्लचला हात लावू नका.

नोझल काढताना जोर लावून उपटू नका. आदल्या रात्री भेदक तेल सोडा, सकाळी कोमट इंजिनावर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. तांब्याचा वॉशर नवीन, क्लॅम्पचा बोल्ट नवीन, हाय प्रेशर पाइपही नवीन. बसायची जागा हाताच्या कटरने साफ करा, आधी भोकात ग्रीस लावलेलं कापड घाला म्हणजे कचरा सिलिंडरमध्ये पडत नाही. जुना वॉशर परत घातला की बाजूने फुस-फुस आवाज येतो, डांबरासारखा काळा थर साचतो आणि पुढच्या वेळी तो नोझल निघतच नाही. टॉर्क रेंच वापरा, अंदाजाने आवळू नका. नोझलवरचा कोड स्कॅनरने कंट्रोल युनिटमध्ये भरायचा, नाहीतर आयडल खडबडीत राहतं. डिझेल फिल्टरही तेव्हाच बदला. नव्या फिल्टरच्या स्वच्छ बाजूला कॅनमधलं डिझेल ओतू नका, हातपंपानेच हवा काढा.

गॅसकेट_आणि_सील
दोन दिवस असे वाटा. पहिल्या दिवशी ईजीआर कूलर आणि नोझल, कारण दोन्हींसाठी वरचा भाग मोकळा करावाच लागतो. कूलंट काढलेलंच असेल, तर थर्मोस्टॅट आणि फुगलेले होज त्याच हाताने बदला. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल आणि बेल्टची मुदत जवळ आली असेल, तर पंप, टेन्शनर, आयडलर आणि बेल्ट एकत्र. एवढ्या कामाला वेगळा दिवस ठेवा. नवीन कूलंट डिस्टिल्ड पाण्याबरोबर निम्मं-निम्मं, जुन्या वेगळ्या प्रकारात मिसळू नका. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा. दुसऱ्या दिवशी शाफ्ट.

कूलर फुटका होता म्हणून डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर तोही बघून घ्या. स्कॅनरवर इंजिन बंद असताना डिफरन्शियल प्रेशर (फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) शून्याजवळ हवं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळून टाकण्याची क्रिया) अर्धवट तुटून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. मग ऑइल लगेच बदला. पातळ ऑइलवर चालवली तर पहिला बळी टर्बोच्या बेअरिंगचा जातो.