टाकीखाली आग्या मोहोळ आहे तरी कोहळ्याला फळ धरत नाही, काय करू? (नागपूर)

गच्चीवाली_बेसा
नमस्कार मंडळी. बेसाकडे आमची चार मजली बिल्डिंग आहे, गच्चीवर माझ्या वीसेक ग्रो बॅग. यंदा कोहळ्याचा वेल मस्त पसरला, रोज फुलं येऊन राहिली, पण बोराएवढं फळ दिसतं अन दोन-तीन दिवसांत पिवळं पडून गळतं. ढेमश्याचंही तेच. चार वर्षांपूर्वी सकाळी गच्चीवर गेलं की फुलावर आलेल्या सांबाराभोवती (कोथिंबिरीभोवती) नुसती भुणभुण असायची. मग आजूबाजूचे प्लॉट बांधून झाले, करंज-बाभळी तुटल्या, आता सकाळी एकदम शांत असतं आणि त्या शांततेची मला खरंच धास्ती वाटते.

त्यात दहा दिवसांपूर्वी पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलं. सोसायटीवाले म्हणतात माणूस बोलावून रात्री जाळून टाकू. लहान मुलं आहेत, त्यांची भीती काही खोटी नाही. पण मला जाळू द्यायचं नाहीये. मोहोळ असूनही फळ काऊन धरत नाही? मधमाशीची पेटी आणून ठेवू का? रविवारी मीटिंग आहे, त्याआधी सांगा प्लीज.

मातीत_हात
ताई, कोहळ्याचं आधी सांगतो. त्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, तेवढ्या वेळात माशी आली नाही तर फळ गळणारच. आग्या माशी लांब लांब जाते, आत्ता पळस, शेवगा फुललाय, जिथं ढीगभर फुलं तिथं ती जाणार, तुमच्या चार फुलांसाठी थांबणार नाही. म्हणून सध्या हातानं करा. ज्या फुलाखाली इवलंसं कोहळं आहे ती मादी, नुसत्या सरळ दांड्याचं ते नर. सकाळी सातच्या आत ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आत सगळीकडून हलकेच फिरवा, बोटाला पिवळी पावडर लागली म्हणजे पराग आहेत. एक नर दोन माद्यांना पुरतो. लवकीचं (दुधीचं) मात्र उलटं, तिचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्यावर रात्रीचे पतंग येतात, तिला हात लावायचा तर संध्याकाळीच लावा.

पेटीवाला_भाऊ
पेटी नका घेऊ ताई. बारा वर्षं पेट्या सांभाळतोय म्हणून स्पष्ट सांगतो. गच्चीवर मे महिन्यात 45 डिग्रीत सावली नाही, पाणी नाही, आजूबाजूला फुलोरा नाही, वसाहत उडून जाईल नाहीतर मरेल. आणि पेटीत एक तर आपली देशी माशी सातेरी राहते नाहीतर बाहेरच्या देशातली मेलिफेरा, आग्या काही पेटीत राहत नाही. शहरात कमी काय पडलंय तर फुलं अन बसायला जागा, माश्या विकत आणून ते भरून निघत नाही. शिवाय वांग्या-टमाटरला मधमाशीपेक्षा काळा भुंगा कामाचा, तो फूल धरून थरथरवतो तेव्हा पराग सांडतात. तो वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो, एखादा जुना ओंडका कोपऱ्यात पडू द्या. तुळस, सांबार, बडीशेप फुलावर येऊ द्या, पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा.

मोहोळाचं म्हणाल तर आमच्या ओळखीत एका बिल्डिंगनं जाळलं होतं. सकाळी पार्किंगमधून माश्या खराट्यानं लोटत होते, बघवत नव्हतं, आणि पुढच्या सीझनला त्याच छज्जाला दुसरं पोळं. फुलं संपली, पाऊस लागला की आग्या आपणहून जागा सोडते. तोवर गच्चीच्या त्या बाजूला दोरी बांधा, रात्री तिथला लाईट बंद ठेवा (उजेड दिसला की माश्या घरात येतात), धूर आणि दगड अजिबात नको. चावलीच तर हात झटकत उभं राहायचं नाही, सरळ घरात शिरायचं. काट्याच्या वासावर बाकीच्या येतात, म्हणून काटा नखानं लगेच खरडून काढा. खूप ठिकाणी चावली किंवा दम लागला तर थेट दवाखाना. टाकी जिन्याच्या अगदी तोंडाशी असेल तर गोष्ट वेगळी, मग न मारता हलवणारा जाणकार शोधा.

काटोल_संत्रा
आमच्याकडे संत्र्याच्या आंबिया बहारात (हिवाळा सरताना येणारा फुलोरा) पूर्वी बागेत शिरलं की माश्यांचा आवाज यायचा. सायला या रस शोषणाऱ्या किडीसाठी फवारतो आम्ही, इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम, आणि मीसुद्धा ऐन फुलात सकाळी सकाळी फवारलंय, ते चुकलंच. युरोपियन युनियननं 2018 मध्ये क्लोथियानिडिनसकट ही औषधं उघड्या शेतात बंद केली. आता फूल असताना हात आवरतो, फवारायचंच तर दिवस मावळल्यावर. बांधावर जवस, तीळ टाकतो. फळधारणा बरी वाटते, पाणी-हवेचाही वाटा आहे त्यात, सगळं श्रेय माशीला देत नाही.

हिंगणा_रोड
ताई, मीटिंगमध्ये ते आइनस्टाईनचं 'माशी गेली की चार वर्षांत माणूस संपेल' वाक्य नका वापरू, त्यानं असं म्हटल्याचा पुरावा नाही. खरं तेवढंच सांगा, ते पुरेसं आहे. जगातल्या मुख्य अन्नपिकांपैकी सुमारे 75 टक्के पिकं थोडीफार तरी कीटक-पाखरांवर अवलंबून आहेत, उत्पादनाच्या हिशोबानं साधारण 35 टक्के. गहू, तांदूळ, ज्वारी माशीवाचून होते, म्हणजे पोळी-भाकर राहील. पण कोहळं, कारलं, काकडी, टरबूज, सफरचंद, बदाम, कांद्याचं बी सगळं घटेल आणि महागेल, आणि गरिबाच्या ताटातून भाजी-फळ आधी जाईल. चीनमध्ये सिचुआनच्या हानयुआन भागात नासपतीच्या झाडांवर माणसं चढून पिसांच्या कुंच्यानं पराग लावतात. आपल्याकडेही 1990 च्या सुरुवातीला दक्षिणेत थाई सॅकब्रूड विषाणूनं सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपल्या होत्या.

गच्चीवाली_बेसा
सगळ्यांचे मनापासून आभार. मीटिंग झाली. टाकी जिन्यापासून लांब आहे म्हणून पावसापर्यंत थांबायचं ठरलं, दोघं अजून नाराज आहेत, त्यांच्या खिडक्यांना जाळी लावायचा खर्च सगळ्यांनी वाटून घेतलाय. दोरी बांधली, लाईट बंद. कोहळ्याला पाच फुलं हातानं केली, दोन गळली, तीन टिकली, त्यातलं एक आज लिंबाएवढं झालं. पेटीवाले भाऊ, ओंडका निंबाचा चालेल का? तोच मिळतोय.

पेटीवाला_भाऊ
चालेल ताई, फक्त पूर्ण वाळलेला पाहा अन पाऊस लागणार नाही अशा जागी आडवा ठेवा.