मदत हवी आहे: घराच्या संरक्षणासाठी रिव्हॉल्वर घ्यावं का? घेतलं तर कोणतं?

नमस्कार मंडळी,

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रालगतच्या वाडीत, नारळी-पोफळीच्या आगरात आहे. नवरा बोटीवर असतो. वर्षातला बराच काळ घरात सासूबाई, प्राथमिक शाळेतला मुलगा आणि मी. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर आहे, पण त्याला कुलूप. त्यापलीकडचंही बंद. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर आमच्या बाजूला रात्री दिवा दिसतो तो फक्त आमचा.

पाऊस ओसरताना त्यातलं एक बंद घर फोडलं. तांब्याचे हंडे, घंगाळं, देवघरातल्या समया आणि विहिरीवरचा पंप गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मध्यरात्री आमच्या मागच्या पडवीची कडी कुणीतरी बाहेरून हलवून बघत होतं. मी दिवा लावला. सासूबाईंनी मुद्दाम मोठ्याने त्यांच्या मुलाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव घेऊन "ऊठ रे, मागे बघ" अशी हाक मारली. पावलं परसातून गडग्याकडे गेली. सकाळी ओल्या मातीत बुटांचे ठसे होते, आणि आमच्या वाडीत रात्री बूट घालून कुणी फिरत नाही. ११२ ला फोन केला होता. पोलीस आले, नीट चौकशीही केली, पण दूरक्षेत्रापासून, म्हणजे पोलीस चौकीपासून, आमच्यापर्यंतचा रस्ता वळणांचा आहे. तेवढ्या वेळात काय काय होऊ शकतं, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

म्हणून परवाना काढून रिव्हॉल्वर घ्यायचा विचार आहे. आतापर्यंत कळलं ते असं: सामान्य माणसाला हँडगनमध्ये (रिव्हॉल्वर-पिस्तुलात) बहुतेक .३२ बोअरच (बोअर म्हणजे नळीचं माप) मिळतं, ९ एमएम आणि .३८ प्रतिबंधित आहेत. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं 'निर्भीक' २०१४ साली बायकांसाठी म्हणून आलं, वजन अर्धा किलोच्या आसपास. 'प्रबळ' २०२३ मध्ये आलं, ते साधारण ७०० ग्रॅमचं. शिवाय .३२ ची पिस्तुलंही आहेत. मी आयुष्यात यातलं काहीच हातात धरलेलं नाही. रिव्हॉल्वर बरं की पिस्तूल? खाऱ्या हवेत ते टिकतं का? आमच्याकडे कपाटातली कात्रीसुद्धा जून-जुलैत गंजते. आणि घरात मूल असताना ठेवायचं कसं?

आणखी एक. सासऱ्यांची शेतीसंरक्षणाची बारा बोअरची सिंगल बार (एका वेळी एकच काडतूस भरायची) बंदूक होती. ते गेल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा केली, अजून तिथेच आहे. तिचं काही करता येईल का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. "बाईमाणसाला कशाला बंदूक" असं सांगणारे घरात पुष्कळ आहेत, तेवढं इथे नको.

— आगरातली

प्रतिसाद: कातळसडा

ताई, सासूबाईंची हाक एकदम योग्य होती. आधी दार बघा. जुन्या घरांना आडवा अडसर असायचा, भिंतीतल्या खाचेत सरकणारा. कडी-कोयंडा पहारीने उचकटतो, जाड लाकडाचा अडसर मोडायला वेळ लागतो आणि आवाजही होतो. परसात सेन्सरचा सोलर दिवा लावा, कारण आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही.

प्रतिसाद: मालवणी गडी

आमच्या घरात तीन पिढ्या परवान्याची बंदूक आहे आणि माझ्या स्वतःच्या नावावर .३२ रिव्हॉल्वर आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर रिव्हॉल्वर. पिस्तुलाची वरची स्लाइड मागे खेचावी लागते, आणि घाबरलेल्या, घामेजलेल्या हाताने ती अर्धवट खेचली गेली की काडतूस अडकतं. मग ते मोकळं करायला सराव लागतो. रिव्हॉल्वरमध्ये एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं. पण चाप जड असतो. बोटाने तो ओढताना नळी खाली झुकते आणि गोळी चार हातांवरच्या माणसाच्याही बाजूने जाते. निर्भीक हलकं आहे म्हणून पर्समध्ये बरं, मात्र हलक्या हत्याराचा झटका हाताला जास्त लागतो. घरातच ठेवायचं असेल तर प्रबळसारखं थोडं वजनदार बरं. त्याचं काडतुसांचं चक्र बाजूला उघडतं, त्यामुळे भरणं-रिकामं करणंही सोपं. .३२ पिस्तुलाची आणि .३२ रिव्हॉल्वरची काडतुसं वेगळी असतात, एकमेकांत चालत नाहीत, हे खरेदी करताना ध्यानात ठेवा.

गंजाचं म्हणाल तर हत्यार चामड्याच्या पाकिटात कधीही ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं, आणि पाकीट जिथे घासतं तिथेच आधी तांबूस ठिपके येतात. आमच्या वडिलांची पद्धत अजून पाळतो: सुती फडक्याला बंदुकीचं तेल, नळीतून एकदा तेलाची आणि एकदा कोरडी चिंधी, वरून पुसल्यावर धातूला उघडं बोट लावायचं नाही, कारण घामातही मीठ असतं. पावसाळ्यात हे दर आठवड्याला. काडतुसं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं. मुलगा लहान आहे, म्हणजे हत्यार कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. कायद्यालाही तेच हवं आहे: २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र द्यावं लागतं आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही. मग मध्यरात्री कडी वाजल्यावर उठणं, किल्ली, कपाट, दुसरी किल्ली, भरणं, हे सगळं अंधारात करायचं. तेवढा वेळ तुम्हाला दारच मिळवून देणार. कातळसडा म्हणतात तो अडसर आधी, हत्यार नंतर.

कायदाही नीट समजून घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय या काळातल्या घरफोडीविरुद्ध जीव घेण्यापर्यंतचा बचावाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही मर्यादा तिथेही लागू आहे. आणि तो हक्क घरफोडी चालू असेपर्यंतच. बाहेरून कडी हलवणाऱ्यावर दारातून गोळी झाडली किंवा गडगा ओलांडून पळणाऱ्याच्या पाठीत मारली, तर आरोपी तुम्ही. शिवाय अंधारात तो चोरच आहे की रात्री उशिरा आलेला कुणी ओळखीचा, हे आधी दिसलं पाहिजे. आमच्या शेजारगावात रानडुक्कर समजून माणसावर बार झाला होता. तो माणूस वाचला नाही, आणि बार काढणारा त्यानंतर कधी सरळ मान करून चालला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: नवीन रिव्हॉल्वरच्या मागे लागण्याआधी सासऱ्यांची बंदूक सोडवा. त्याच शस्त्र नियमांतल्या नियम २५ प्रमाणे परवानाधारक वारल्यावर वारसाला परवाना देता येतो, आणि वारसांत सूनही धरलेली आहे. वय २१ पूर्ण हवं, ए-१ नमुन्यात अर्ज करायचा, बाकीच्या वारसांचं संमतीपत्र जोडायचं. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा असतो, आधी पोलिसांचा अहवाल जातो. नाकारला तर कारणं लेखी मागा, अपील करता येतं. बंदूक खांद्याला टेकते, दोन्ही हातांत राहते, त्यामुळे नवशिक्या माणसाला आखूड नळीच्या रिव्हॉल्वरपेक्षा ती नेम धरायला सोपी. रिव्हॉल्वरसाठी मोठी रक्कम मोजण्याऐवजी ते पैसे प्रशिक्षणाला, दाराला आणि लोखंडी पेटीला लावा.

उशीर मात्र करू नका. जमा शस्त्र ठरावीक मुदतीत सोडवलं नाही, तर शस्त्र कायद्याच्या कलम २१ खाली ते सरकारजमा होऊ शकतं.

प्रतिसाद: आगरातली

मनापासून आभार. मुदतीचं माहीतच नव्हतं. सुताराला निरोप धाडला आहे, फणसाच्या लाकडाचा अडसर करतो म्हणाला. सासूबाईंना विचारलं, त्या संमतीपत्रावर सही करायला तयार आहेत, नवऱ्याचं बोटीवरून कसं मागवायचं ते बघते. एकच अडचण: बंदूक जमा केल्याची पावती सापडत नाही. सासऱ्यांचा मूळ परवाना मात्र ट्रंकेत आहे.

प्रतिसाद: मालवणी गडी

मग काम होईल. परवान्यावर बंदुकीचा नंबर लिहिलेला असतो. तो नंबर आणि जमा केल्याचा अंदाजे महिना लिहून पोलीस ठाण्यात साधा अर्ज द्या, जमा शस्त्रांच्या नोंदवहीतला उतारा मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि तारीख घेतल्याशिवाय निघू नका. मूळ परवाना कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि बंदूक ताब्यात आली की घरी नेण्याआधी तालुक्याच्या गावी जाणकाराकडून तपासून घ्या. ठाण्याच्या खोलीत पडून राहिलेल्या बंदुकीची नळी आतून खाल्लेली असू शकते, तसं असेल तर तिच्यातून बार काढू नका.