कुत्र्याला खाऊ देऊन काम शिकवणं म्हणजे लाच का?

भुरीची_ताई
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला वाकता येत नाही. चष्म्याचं घर, रिमोट, काठी, दिवसभर काही ना काही खाली पडतंच. म्हणून आमच्या भुरीला (वय अडीच, जात माहीत नाही, एक कान उभा नि एक पडलेला) पडलेली वस्तू उचलून हातात द्यायला शिकवलं. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, सव्वा महिना. सगळं खाऊच्या जोरावर, एकदाही ओरडले नाही. परवा मामा आले, बघितलं आणि म्हणाले, "ही काम करत नाहीये, लाच खातेय. खिसा रिकामा ठेव, मग कळेल." पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

जुना_राखणदार
मामांशी सहमत. पस्तीस वर्षं कुत्री पाळतोय, खिशात खाऊ घेऊन कधी फिरलो नाही. घरात वरचा कोण हे कुत्र्याला कळलं पाहिजे. कळपाचा म्होरक्या खाऊ वाटत हिंडत नाही. आवाजात जरब, पट्ट्याला वेळेवर एक हिसका, बास.

चौथा_पाय
काका, म्होरक्याची ती कल्पना पसरली बरीच, पण आली कुठून? रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकाने १९४७ साली बंदिस्त लांडग्यांची निरीक्षणं लिहिली, तिथून. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. पुढे मेक यांनीच १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. गादीसाठी मारामाऱ्या वगैरे काही नाही.
आणि हिसक्याबद्दल: २०२० साली पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली, शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉलही (ताणात वाढणारं संप्रेरक) जास्त वाढलं.
ताई, लाच आहे की नाही ते तुम्हालाच तपासता येईल. "उचल" म्हणताना खाऊ भुरीला दिसत असतो का? दिसत असेल तर मामा बरोबर. काम झाल्यावर कुठून तरी येत असेल तर तो मोबदला.

जुना_राखणदार
अभ्यास राहू दे. खाऊ संपला की काय, एवढं सांग.

मोजाहरण
मी खाऊवालीच, पण आता काकांच्या बाजूला झुकलेय. आमच्या पठ्ठ्याला हेच शिकवलं आणि त्याने धंदा उघडला. कपाटातून मोजा काढतो, पायाशी आणून टाकतो, बसून वाट बघतो. काल एकच मोजा मला तीनदा विकला! चौथ्यांदा मी हसले, तर डबल उत्साहाने चप्पल घेऊन आला.

चौथा_पाय
मोजाहरण, तुम्ही हसलात तोही पगारच झाला हो. :) न मागता आणलेल्या वस्तूला खाऊ नाही, कौतुक नाही, मागे धावणं तर मुळीच नाही. गप्प घ्यायची, ठेवायची. खाऊ फक्त "उचल" म्हटल्यावरच्या कामाला. सुरुवातीला तो आणखी जोर लावेल, तेव्हा विरघळलात तर चिकाटीला पैसे मिळतात हे तो शिकेल. आणि कपाट बंद ठेवा.
शिकवताना शेवटाकडून आलेलं बरं. आधी तोंडातली वस्तू तळहातावर सोडणं, मग एक पाऊल चालून सोडणं, उचलणं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट करतात, मग कुत्रं वस्तू उचलून सोफ्याखाली पसार.
पण खाऊने काहीही शिकवता येतं असंही मी म्हणणार नाही. बक्षिसाने वागणं कसं घडतं याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ स्किनर, त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी रकूनला (अमेरिकेतला एक रानटी प्राणी) डब्यात नाणी टाकायला शिकवलं होतं. एक नाणं कसंबसं टाकायचा. दोन दिली की टाकायचं सोडून एकमेकांवर घासत बसायचा. खाऊ मिळत नव्हता तरी! १९६१ साली त्यांनी हे मोकळेपणाने छापलं.

रेबीजची_सुई
वादात पडत नाही, प्राण्यांची डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. खाली काठी पडते तशी आईंची गोळीही पडते. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकतात. पाकीट चावायला एक क्षण पुरतो. त्यामुळे औषधं या खेळातून कायमची बाद, आणि "सोड" हा शब्द "उचल" इतकाच पक्का हवा. दुसरं, खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. वाटाण्याएवढा तुकडा पुरतो.

भुरीची_ताई
गोळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच डबी वरच्या कप्प्यात गेली.
रिकाम्या खिशाची परीक्षा घेतली. पहिल्या तीनदा भुरीने चष्म्याचं घर नीट आणून दिलं, आई नुसतं शाबास म्हणाली. चौथ्यांदा अर्ध्या वाटेत टाकलं आणि खाऊच्या डब्यासमोर जाऊन बसली. एक कान उभा.

जुना_राखणदार
बघा! हेच म्हणत होतो.

चौथा_पाय
रोज दर वेळी मिळणारा खाऊ एकदम शून्यावर आणलात, दुसरं काय होणार? कधी पहिल्या खेपेला, कधी तिसऱ्या, मग लगेच दुसऱ्या, असा अंदाज येणार नाही इतपत विरळ करत जा. बाकी काकांचा मुद्दा अर्धा मान्य: कायमचं फुकट काम मिळणार नाही. कधीतरी द्यावंच लागेल.

जुना_राखणदार
अर्धा तर अर्धा. माझ्या कुत्र्याला हिसक्याआधी नजर कळते, हे मात्र तुम्ही कुणी मोजलेलं नाही.

भुरीची_ताई
विरळ करायचं ठरलं होतं. पण आज दुपारी आईने रिमोट पाडला. मग चष्म्याचं घर. मग पुन्हा रिमोट. स्वयंपाकघरातून बघितलं तर वाटाण्याएवढे तुकडे तिच्या पदरात बांधलेले.