एकाच बेडसोअरची चार नावं, ईएचआरमध्ये नक्की कुठलं टाकायचं?

रात्रपाळी_सिस्टर: आमचं सगळं चार्टिंग कागदावरून ईएचआरवर (कॉम्प्युटरवरच्या पेशंट रेकॉर्डवर) चाललंय आणि नर्सिंगच्या टर्म्स ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जुन्या नोट्स काढल्या तर एकाच पेशंटच्या पाठीला कुणी ‘बेडसोअर’ लिहिलंय, कुणी ‘प्रेशर अल्सर’, कुणी ‘सेक्रल रेडनेस प्लस’ आणि एकीने नुसतंच ‘स्किन केअर गिव्हन’. हे सगळं एकच आहे हे कॉम्प्युटरला कसं कळणार? ठरावीक शब्द आणि कोडच्या तयार याद्यांपैकी नांदा-एनआयसी-एनओसी घेऊ, आयसीएनपी घेऊ की सरळ स्नोमेड? व्हेंडर म्हणतो फ्री टेक्स्ट ठेवा, सगळे खूश.

कोडिंगवाला: फ्री टेक्स्ट ठेवलंत तर रिपोर्ट काढायला परत तुम्हालाच बसवतील. नांदा म्हणजे डायग्नोसिस, एनआयसी म्हणजे आपण काय केलं, एनओसी म्हणजे पेशंटमध्ये काय फरक पडला, सॉफ्टवेअरमध्ये वापरायला लायसन्स लागतं हे आधी विचारा. आयसीएनपी २०२१ पासून स्नोमेड सीटीच्या आतच येते, त्यामुळे हे की ते असा प्रश्नच नाही. ओमाहा सिस्टिम ही अशीच आणखी एक यादी फुकट आहे, पण ती मुळात घरी जाऊन सेवा देणाऱ्या नर्सेससाठी केलेली, वॉर्डात तोकडी वाटते (माझं मत).

वॉर्ड_नंबर_सात: कोड काहीही लावा पण स्क्रीनवर आमचा शब्द राहू द्या. आमच्याकडे नवीन सिस्टिम आली तेव्हा यादी इतकी लांब होती की रात्री तीनला सगळ्या जणी ‘इतर’ दाबायच्या. आणि एक सांगू का, ते चार शब्द एकच आहेत हे तुम्ही गृहीत धरताय. लाल जागा बोटाने दाबली की पांढरी पडते का? पडत असेल तर तो अजून स्टेज १ (बेडसोअरची पहिली पायरी) पण नाही. न दाबता लिहिलेला ‘रेडनेस’ बेडसोअरच्या कोडला जोडलात तर नसलेल्या जखमा रिपोर्टात येतील. स्टेज आणि जागा, दोन वेगळी फील्ड्स करा.

कोडिंगवाला: +१. आणि ब्रेडन स्केलचा (बेडसोअरचा धोका मोजायचा स्कोअर) नुसता टोटल नको, सहाही भाग वेगळे साठवा. स्कोअर ६ ते २३, कमी तेवढा धोका जास्त, मी एके ठिकाणी अलर्ट चक्क उलटा लावलेला पाहिलाय.

रात्रपाळी_सिस्टर: दाबून बघायचं डोक्यातच नव्हतं आलं, ते फील्ड टाकतेच. आत्ताच दोघींना विचारलं ‘प्लस’ म्हणजे काय, एक म्हणते ‘आहे’, दुसरी म्हणते ‘कालच्यापेक्षा जास्त’.