धुळ्याच्या मागच्या गल्ल्यांचे फोटो काढतोय: उजेड, अरुंद जागा आणि लोकांचा मान, तिन्हींसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी धुळ्याचा. दोन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी जुन्या धुळ्यातल्या आणि आग्रा रोडच्या मागच्या गल्ल्यांचे फोटो काढतो. दुकानांची पाठ येते त्या बाजूचे. तिथे गटारावर फरशी टाकून ओटा केलेला असतो. धाब्याचं घर अर्धं पडलेलं असतं आणि उरलेल्या अर्ध्यात कुणीतरी राहत असतं. माझ्या दोन अडचणी आहेत. एक कॅमेऱ्याची, ती इथे नक्की सुटेल. दुसरी लिहावी की नाही हेच ठरत नव्हतं, म्हणून धागा काढायला उशीर झाला.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. पेशवाई बुडाल्यावर खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं करून नवी पेठ सरळ रस्त्यांची आखली. (पुष्कळ जण याचं श्रेय इंजिनिअर विश्वेश्वरय्यांना देतात, पण ते मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात लागले १८८४ साली. पांझरा नदीवरचं त्यांचं काम वेगळं आणि मोठंच आहे.) आजही पत्ता ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ असा सांगतात. या गल्ल्यांतली जुनी घरं धाब्याची. सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलचन (लाकडी पट्ट्यांचं आच्छादन), त्यावर माती आणि वरून खारी, म्हणजे पांढरी खारट माती. पावसाळ्याआधी खारी टाकली नाही की पाणी आत उतरतं, लाकूड कुजतं, भिंत फुगते. मुलं पुण्याला, सुरतला गेली की वर चढून खारी टाकणारं कुणी उरत नाही. मग जुनं लाकूड घेणारे येतात आणि आठवड्यात घराच्या जागी मोकळा तुकडा दिसतो. मी फोटो काढलेली काही घरं आज जागेवर नाहीत. म्हणून हे काम मला सोडवत नाही.

आधी कॅमेऱ्याचं. माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे, सोबत १८-५५ आणि ३५ मिमी एफ/१.८ अशा दोन लेन्स. गल्ली सात-आठ फुटांची. पाठ भिंतीला टेकवून १८ वर काढलं तरी घर पूर्ण मावत नाही. कॅमेरा वर केला की दोन्ही भिंती आत झुकतात आणि धड उभं असलेलं घरही पडायला आल्यासारखं दिसतं. दुसरं म्हणजे आमचं ऊन. एप्रिल-मे मध्ये नऊ वाजल्यापासूनच एक भिंत पांढरी फटक आणि समोरची काळी ठिक्कर. आभाळ सांभाळलं तर ओटा जातो, ओटा सांभाळला तर आभाळ. सकाळी साडेसहाला उजेड छान असतो, पण नळ येणार असेल त्या दिवशी गल्ली त्याच वेळी सगळ्यात गजबजलेली असते. पाइप, हंडे, मोटारी, अंगावर गाऊन घालून घाईत पाणी भरणाऱ्या बाया. तेव्हा कॅमेरा काढायला मला अवघड होतं.

आता दुसरी गोष्ट. ऑगस्टमध्ये एका ओट्यावर एक मावशी दादर (आमच्याकडची ज्वारी) निवडत बसल्या होत्या. मागच्या भिंतीची माती पावसानं धुपून गेलेली, त्या भोकातून आतली भांड्यांची मांडणी चकाकत होती. मी विचारलं, त्या हो म्हणाल्या, मी फोटो काढला आणि रात्री फेसबुकवर टाकला. खूप लोकांना आवडला. ‘भिंतीचं टेक्श्चर जबरदस्त’ अशा कमेंट आल्या. आठवड्यानं त्यांचा मुलगा मला शोधत आला. आवाज अजिबात चढवला नाही. एवढंच म्हणाला, “दादा, तो फोटो काढून टाका. ताईचं बघायचं चाललंय. मुलाकडच्यांनी हे घर बघितलं तर काय म्हणतील?” मी त्याच्यासमोरच काढला. पण तोवर तो इतरांनी पुढे पाठवला होता आणि तो परत घेणं माझ्या हातात नव्हतं.

मावशींनी होकार दिला होता, पण तो मला दिला होता. त्यांची भिंत गावभर दाखवायला दिला नव्हता. एवढी साधी गोष्ट मला त्यांच्या मुलाकडून कळावी, याचं वाईट वाटतं.

त्याच गल्लीत एका बाबांनी आधीच हटकलं होतं, “पडेल घरना काय फोटू काढस? नवं बांधसूत मंग काढजो.” मी कॅमेरा खाली घेतला, बसलो, चहा झाला. मग त्यांनी स्वतःच मला आत नेलं आणि आजोबांनी उभारलेला खांब दाखवला. त्यावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, आता काढ. दोन वर्षांतला माझा सगळ्यात चांगला फोटो तोच आहे. त्यात काय दाखवायचं हे त्यांनी ठरवलं होतं.

मला विचारायचंय ते असं. पडझड दाखवायची आहे, कारण ती खरी आहे आणि उद्या कुठेच दिसणार नाही. पण तिथे राहणाऱ्या माणसाला तो फोटो बघून खाली मान घालावी लागू नये. हे तुमच्यापैकी कुणी कसं सांभाळता? माणसं टाळून नुसत्या भिंती काढल्या तर फोटो पंचनाम्याचे वाटतात, तेही करून पाहिलंय.

प्रतिसाद १

फक्त कॅमेऱ्यापुरतं सांगतो. कॅमेरा वर करू नका, पातळीत धरा आणि उंची मिळवा. समोरच्या घराच्या जिन्यावर किंवा गॅलरीत चढलात तर घर सरळ येईल. ते जमलं नाही तर उभी फ्रेम धरा आणि खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापा. २४ मेगापिक्सेल आहेत, परवडतं. उन्हात रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, उजळ भाग फाटणार नाही इतकंच एक्स्पोजर ठेवा आणि सावली नंतर उचला. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणं) मात्र नको, त्यानं प्रत्येक पोपडा अंगावर येतो आणि घर आहे त्याहून भकास दिसतं. खरं तर श्रावणातलं ढगाळ आभाळ किंवा सूर्य मावळल्यानंतरची वीस मिनिटं धरा. घरात दिवे लागलेले असतात, बाहेर अजून निळा उजेड असतो. ट्रायपॉड लागेल. दिवा लागलेलं घर पडकं असलं तरी राहतं वाटतं.

प्रतिसाद २

दादा, मी मूळची चोपड्याची, आता नाशिकला असते. आमचं धाब्याचं घर पाडलं तेव्हा मी नववीत होते. त्या घराचा एकही फोटो नाही. लग्नाच्या अल्बममध्ये मांडवामागे ओट्याची एक पायरी तेवढी दिसते. त्यामुळे तुम्ही हे बंद करू नका, हे आधी सांगते.

ग्लासगोमध्ये थॉमस अ‍ॅनन नावाच्या फोटोग्राफरला १८६८ च्या सुमारास अशाच बोळांचे फोटो काढायला नेमलं होतं. ते बोळ पुढे पाडायचे होते. काचेच्या प्लेटला लांब एक्स्पोजर लागायचं, म्हणून हललेली माणसं त्यात धुक्यासारखी दिसतात. आज ते फोटो अमोल आहेत, पण त्या माणसांना कुणी काय विचारलं असेल हे मला नेहमी खटकतं. तुम्हाला विचारता येतं, म्हणून दोनदा विचारा. एकदा काढताना, आणि एकदा बाहेर टाकण्याआधी, फोटो हातात देऊन. मोबाइलवर नाही, कागदावर. कागद घरातले सगळे बघतात, सूनबाईपासून सासऱ्यांपर्यंत, आणि मग खरा होकार-नकार कळतो. नाही म्हणाले तर तो फोटो त्यांचा, बाहेर जाणार नाही. आणि गल्लीतल्यांनी बघितल्याशिवाय इंटरनेटवर काहीच टाकू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. जिन्यावरून काढून पाहिलं, भिंती सरळ आल्या. समोरच्या काकांनी गॅलरीत खुर्चीसुद्धा टाकून दिली.

ताई, तुमचं वाचून त्या मावशींच्या घरी गेलो, कॅमेरा न घेता. मुलगा घरी होता. फोटोची प्रिंट आणि मेमरी कार्डावरची मूळ फाइल दोन्ही दिली, माझ्याकडची पुसली. मावशींनी प्रिंट बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, दादर छान दिसतेय. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी अजून चालू आहेत. मी पुढे काही विचारलं नाही.

बाबांना खांबाचा मोठा फोटो द्यायचाय. त्यांना तो त्याच खांबाला टांगायचाय. पण त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. काच लावून फ्रेम करावी तर आत बुरशी धरेल का? की लॅमिनेशन करून द्यावं? कुणी ओलीच्या घरात फोटो टिकवला असेल तर सांगा, दिवाळीआधी द्यायचा आहे.