मुलीचं नाव एमी ठेवायचं म्हणतोय, अर्थ काय आणि जुनाट वाटेल का?

देवगडची_आई: मुलगी झालीय, बारसं पुढच्या आठवड्यात देवगडला. नवरा बोटीवर असतो, त्याला एमी हे नाव फार आवडलंय आणि खरं सांगायचं तर मलाही. पण सासूबाई म्हणतात अर्थ कळल्याशिवाय कानात नाव सांगणार नाही. बाहेर हे नाव अजून ठेवतात का? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा ना प्लीज.

सागरवेडा: अभिनंदन! अर्थ सासूबाईंना नक्की आवडेल. जुन्या फ्रेंचमधल्या 'आमे' वरून आलंय, मूळ लॅटिन 'अमाता', म्हणजे जिच्यावर जीव जडलाय अशी, आपल्याकडची लाडकी किंवा प्रिया म्हणा. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या मध्यात मुलींच्या नावांत जेनिफरच्या खालोखाल एमीच होतं, त्यामुळे तिकडच्या बऱ्याच एमी आज पन्नाशीच्या आसपास आहेत आणि आता ते पहिल्या शंभरातही नाही. मला विचाराल तर हे चांगलंच, वर्गात चार चार एमी नसतील. आणि एमी जॉन्सन विसरू नका, 1930 साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी पहिली बाई, वाटेत आपल्या झाशीला उतरली होती. लेकीला सांगायला केवढी मस्त गोष्ट आहे!

वेंगुर्ल्याची_मावशी: बाय गो, तुका आवडला ना, मगे ठेव! आमच्या वाडीत ख्रिश्चन शेजारी आहेत, त्यांच्या पोरींची नावं लहानपणापासून तोंडात बसलीत, कधी परकी वाटली नाहीत. सासूबाईंचा मानही राख, पाळण्यातलं नाव कुलदेवतेचं किंवा राशीवरचं त्यांना ठेवू दे, कागदावर एमी. आमच्याकडे बहुतेक घरांत दोन नावं असतातच की.

नोंदणीवाला: अर्थाचं झालं, आता कागदाचं बघा, कारण लोक अडकतात ते तिथेच. इंग्रजीत ए-एम-वाय लिहिलंत की इथे कोणी अमी वाचेल, कोणी आमी, आणि मालवणीत आमी म्हणजे आम्ही, शाळेत हजेरी घेताना पोरीला उगाच त्रास. म्हणून जन्मनोंदीत मराठी रकान्यात 'एमी' स्वतः लिहून द्या आणि दाखला हातात आल्यावर तिथेच उभं राहून मात्रा तपासा, मग आधार वगैरे सगळीकडे तेच स्पेलिंग. घाई मात्र अजिबात करू नका, नावाशिवाय जन्म नोंदवला असेल तर 12 महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं, त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

देवगडची_आई: खूप खूप आभार सगळ्यांचे! सासूबाईंना लाडकी हा अर्थ वाचून दाखवला तर लगेच विचारलं, ती विमानवाली झाशीला नेमकी कुठे उतरली. मावशी, पाळण्यातलं नाव त्याच ठरवतायत. दाखल्यासाठी सोमवारी जाते, मराठी स्पेलिंग कागदावर लिहूनच नेईन.