मदत हवी आहे: जीएनएमनंतर पोस्ट बेसिक, नॉरसेट की जर्मनी?

नमस्कार मंडळी,

इथे बरेच दिवस वाचनमात्र होते, आज स्वतःसाठी धागा काढतेय. लिहिताना जरा लांबलाय, पण सगळी माहिती एकदाच दिली तर सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल.

मी मूळची सांगोला तालुक्यातली. बारावीनंतर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे. वय २७. पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये आधी जनरल वॉर्डला होते, गेली दोन-तीन वर्षं मेडिकल आयसीयूत आहे. व्हेंटिलेटरचे पेशंट, आर्टेरियल लाईन, इनोट्रोप, सगळं हातात बसलंय. काम मनापासून आवडतं. नाईटला पहाटे एबीजीचा (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा) रिपोर्ट बघून मी डॉक्टरांना फोन केला की ते आता नीट ऐकून घेतात, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" असंही विचारतात. हा विश्वास कमवायला वेळ लागला आणि म्हणूनच बेडसाइड सोडायचं जिवावर येतं.

पण पगार २२ हजार. त्यात पीजीचं भाडं, मेस, आणि घरी पाठवायचे ते वेगळेच. बाबांची डाळिंबाची बाग तेल्या रोगाने पार बसली, धाकटा भाऊ डिप्लोमाला आहे. व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला एक सिस्टर असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, इथे रात्री माझ्याकडे तीन-तीन असतात. एकाचं सक्शन करताना दुसऱ्याचा पंप वाजायला लागतो. असंच चालू राहिलं तर एखाद्या दिवशी माझ्या हातून कुणाचं तरी बरंवाईट होईल, याची भीती वाटते.

समोर हे मार्ग आहेत:

पहिला, पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी. दोन वर्षं. एका कॉलेजात चौकशी केली तर म्हणाले, "हजेरीचं आम्ही बघतो, तू नोकरी चालू ठेव." हे चालतं का?

बाबांच्या मनात सरकारी नोकरी आहे, म्हणजे नर्सच्या भरतीची एम्सची नॉरसेट परीक्षा. आमच्या बॅचमधली एक जण लागली तेव्हापासून घरी रोज तोच विषय.

तिसरा, जर्मनी. माझ्या दोन रूममेट एका एजन्सीकडे नाव घालताहेत. एजन्सी साडेचार लाख मागते, त्यात जर्मन भाषेचा बी-१ पातळीपर्यंतचा क्लास, कागदपत्रं आणि नोकरी. मूळ सर्टिफिकेटं त्यांच्याकडे जमा करायची आणि मध्येच सोडलं तर दोन लाख भरायचे. पहिला हप्ता या महिनाअखेर द्यायचाय. मी अजून काही दिलेलं नाही.

शिवाय क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा डिप्लोमा करावा का, की डायलिसिसला बदली मागावी, हेही डोक्यात आहे. डायलिसिसला नाईट नसते आणि अभ्यासाला वेळ मिळेल.

घरी लग्नाचंही बघणं चालू आहे, त्यामुळे "काय ते लवकर ठरव" असा तगादा आहे. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी कृपया स्पष्ट सांगा.

प्रतिसाद: जुनी_मेट्रन

पोरी, आधी मूळ सर्टिफिकेटांचं. ती कुणाच्याही हातात ठेवायची नाहीत. एजन्सी असो, कॉलेज असो नाहीतर हॉस्पिटल. पडताळणीला दाखवायची, सही-शिक्का झाला की उभ्या उभ्या परत घ्यायची. बाँड आणि कागद अडकवण्याविरुद्ध इंडियन नर्सिंग कौन्सिलने परिपत्रकं काढली, तरी मुली अजून अडकतात, कारण पहिल्या दिवशी "नाही" म्हणायला कुणी शिकवलेलं नसतं.

आता पोस्ट बेसिक. हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. "हजेरी आम्ही बघतो" म्हणणाऱ्या कॉलेजची पायरी चढू नकोस. पुढे परदेशी किंवा सरकारी पडताळणी होते तेव्हा कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट आणि हॉस्पिटलचं अनुभवपत्र शेजारी ठेवून तारखा बघतात. एकाच काळात तू दिवसभर कॉलेजात आणि दिवसभर ड्युटीवर दिसलीस की दोन्ही कागद संशयात येतात. पदवीही जाईल आणि खरा, कष्टाचा आयसीयूचा अनुभवही.

पोस्ट बेसिक कुणी करावं? ज्याला शिकवायचंय, ज्याला एम.एस्सी.कडे जायचंय त्याने. तुझ्यासारखीला बेडसाइड न सोडता पुढे जायचं असेल तर क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा एम.एस्सी. आहे, २०१६ साली त्याचा अभ्यासक्रम आला. पण त्यालाही आधी पदवी लागते, आणि तो केलेल्यांना त्या हुद्द्यावर घेणारी हॉस्पिटलं आपल्याकडे थोडी आहेत. आज पगार थांबवून तू त्यात उतरावंस असं मला वाटत नाही.

नॉरसेटबद्दल मात्र गांभीर्याने विचार कर. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे. अनुभवपत्रावर खाटांची संख्या लिहून घे, मुली नेमकं तेच विसरतात. सातव्या वेतन आयोगात लेव्हल ७, मूळ वेतन ४४,९००. आपल्या राज्यात अधिपरिचारिकेचं (सरकारी स्टाफ नर्सचं) मूळ वेतन ३५,४०० आहे, तेही काही कमी नाही. नॉरसेटला खुल्या वर्गासाठी वयाची अट ३० आहे. बाकीच्या सगळ्या वाटा तिशीनंतरही उघड्या राहतील, ही राहणार नाही. म्हणून घड्याळ कुठल्या दाराला लावलंय ते आधी बघ.

आणि पगाराचं सांगते, कारण राग येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. तिने सांगितलं की ५० खाटांपेक्षा लहान खाजगी हॉस्पिटलातही नर्सला २० हजारांच्या खाली पगार नसावा आणि २०० खाटांवरच्या हॉस्पिटलात तो सरकारी नर्सइतका असावा. ते नीट अमलात आलं असतं तर तुझ्या रूममेटना साडेचार लाख घेऊन कुणाच्या दारात जावं लागलं नसतं.

प्रतिसाद: राईनकाठ

मी मूळचा कोल्हापूरचा. पुण्यात ब्रदर (पुरुष नर्स) म्हणून काम केलं, आता काही वर्षं जर्मनीत आहे. एजन्सी तुम्हाला जे सांगत नाही ते लिहितो.

इथे उतरल्याबरोबर तुम्ही पूर्ण नर्स नसता. आधी ज्या राज्यात नोकरी आहे तिथल्या कार्यालयाकडे आपलं शिक्षण मान्यतेसाठी पाठवायचं. ते कॉलेजच्या तासांच्या ट्रान्सक्रिप्टवरून अभ्यासक्रमाचे तास तपासतात आणि कुठे कमी पडतंय त्याचं पत्र देतात, त्याला इथे डेफिझिट-बेशाइड म्हणतात. मग एकतर परीक्षा द्यायची, नाहीतर ठरावीक महिने देखरेखीखाली काम करून ती उणीव भरून काढायची. तोवर पद मदतनिसाचं आणि पगारही त्याच हिशोबाचा. मान्यतेचं पत्र हाती आलं की नर्स म्हणून पूर्ण पगार. हा काळ किती लांबेल ते बहुतांशी तुमच्या भाषेवर ठरतं. बऱ्याच ठिकाणी बी-१ वर व्हिसा मिळून जातो, पण अंतिम मान्यतेला त्याच्या वरची बी-२ पातळी लागते. इथे येऊन ड्युटी सांभाळत बी-२ करणं फार जड जातं. माझं स्पष्ट मत: बी-२ भारतातच करा, नोकरीची बोलणी त्यानंतर. बी-२ हातात असलेल्या आयसीयू नर्सला मालक स्वतः शोधत येतात आणि तिकिटाचा, मान्यतेचा खर्च उचलतात.

"फेअर आन्वेर्बुंग फ्लेगे डॉइचलांट" असा इथे सरकारमान्य शिक्का आहे. तो ज्यांच्याकडे असतो त्यांनी उमेदवाराकडून भरतीचे पैसे घ्यायचे नसतात, खर्च मालकाचा. साडेचार लाख मागणाऱ्याला या शिक्क्याबद्दल विचारा आणि काय उत्तर येतं बघा.

आपल्याकडेही कायदा आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली एजंट नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याला सेवाशुल्क ३० हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. "क्लासची फी वेगळी" असं म्हणून रक्कम फुगवतात, तेव्हा क्लासची पावती वेगळी मागा.

आता कामाचं. हे ऐकून घ्याच, कारण आयसीयूतून आलेल्यांना सगळ्यात जास्त इथेच धक्का बसतो. इथे पेशंटजवळ नातेवाईक मुक्कामाला नसतात. वॉर्डातले मदतनीस मावशी-मामा नाहीत. आंघोळ, दात घासणं, कवळी धुऊन बसवणं, घास भरवणं, डायपर बदलणं हे नर्सचंच काम, आणि ते नीट करणाऱ्याला मान आहे. उलट आपण डोळे मिटून लावतो ती आयव्ही लाईन बऱ्याच वॉर्डांत डॉक्टर लावतात. माझ्या पहिल्या वॉर्डात एक आजी होत्या, अर्धांगाच्या. त्यांना ब्लाऊजची बाही आधी लुळ्या हातात घालायची, मग चांगल्या. मी उलटं करायला गेलो तर त्यांनी हात धरून शिकवलं. हे काम कमीपणाचं वाटत असेल तर येऊ नका. आवडत असेल तर इथे आयुष्य चांगलं आहे. रात्री तीन व्हेंटिलेटर एकटीच्या गळ्यात पडत नाहीत.

महाराष्ट्र शासन आणि बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात २०२४ साली कुशल मनुष्यबळाचा करार झालाय, त्यात नर्सिंगही आहे. त्या वाटेने काय चालू आहे याची चौकशी जरूर करा.

प्रतिसाद: लीड्सकर

वरच्या दोघांना +१. इंग्लंडचं थोडक्यात. इंग्रजीची परीक्षा आयईएलटीएस ॲकॅडमिक, त्यात वाचन, श्रवण, संभाषणात ७ आणि लेखनात ६.५, किंवा आरोग्यक्षेत्रासाठीची इंग्रजीची परीक्षा ओईटी. मग कॉम्प्युटरवरची सीबीटी परीक्षा भारतात देता येते, आणि इथे आल्यावर दहा स्टेशनची ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा. जीएनएम चालतं. पण सध्या एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्यसेवेची) बाहेरून भरती खूप मंदावली आहे, त्यामुळे फक्त इंग्लंडवर भिस्त ठेवू नकोस.

मला खरं तर नावाबद्दल सांगायचंय. आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. कौन्सिलच्या नोंदणीत तिसराच, कधी वडिलांचं नाव गायब, कधी स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. परदेशी कार्यालयाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. सगळे कागद जमिनीवर पसर आणि अक्षर न् अक्षर ताडून बघ. लग्न ठरलं तर आनंदच आहे, पण ही प्रक्रिया पुरी होईपर्यंत नाव बदलू नकोस. माझ्या बरोबरच्या एकीने मधूनच पासपोर्टवर सासरचं नाव लावलं, आणि मग राजपत्र, प्रतिज्ञापत्र, कौन्सिलच्या चकरा यांतच तिचे कितीतरी महिने गेले.

डायलिसिसची बदली घेऊ नकोस असं मी म्हणेन. वेळ मिळेल हे खरं, पण तुझी किंमत आयसीयूच्या अनुभवात आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मेट्रन मॅडम, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. एजन्सीला आज विचारलं. ई-मायग्रेटवर त्यांचं नाव सापडत नाही, आणि शिक्क्याबद्दल विचारल्यावर "मॅडम, सीट भरत आल्यात" एवढंच उत्तर आलं. या एजन्सीकडे मी जाणार नाही. रूममेटनाही हा धागा पाठवलाय, एकीने पैसे भरायचं थांबवलंय.

सध्या असं ठरवतेय: आयसीयू सोडायचं नाही, नॉरसेटचा फॉर्म भरायचा आणि अभ्यासाला लागायचं, जर्मनचा ए-१ (पहिली पातळी) शनिवार-रविवारच्या बॅचला सुरू करायचा. दोन शंका. एक, एवढं एकदम झेपेल का? दुसरी, राईनकाठ दादा, तासांचं ट्रान्सक्रिप्ट म्हणजे नेमकं काय? माझ्याकडे फक्त मार्कशीट आहेत.

प्रतिसाद: राईनकाठ

मार्कशीटवर गुण असतात, इथे तास लागतात. प्रत्येक विषयाचे थिअरीचे किती, प्रत्यक्ष वॉर्डातले किती, आणि ते कुठल्या विभागात. मेडिकल, सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसोपचार, सामुदायिक आरोग्य असे वेगवेगळे. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी घ्या. मानसोपचाराची पोस्टिंग बाहेरच्या हॉस्पिटलात झाली असेल तर त्याचे तास वगळले जात नाहीत ना ते बघा, कमी पडल्याचं पत्र बरेचदा अशा सुटलेल्या तासांमुळे येतं. परीक्षा मंडळाचा शिक्का लागला तर वेळ जातो, म्हणून हे काम आत्ताच सुरू करा. कॉलेजं बंद पडतात, क्लार्क बदलतात, जुनी रजिस्टरं सापडत नाहीत.

प्रतिसाद: जुनी_मेट्रन

झेपण्याचं विचारलंस म्हणून सांगते. दोन्ही अभ्यास एकाच ताकदीने करू नकोस. परीक्षेपर्यंत नॉरसेटला मुख्य वेळ दे, जर्मन फक्त शनिवार-रविवार. फार्मॅकॉलॉजी आणि क्रिटिकल केअर तुझं रोजचंच आहे, वेळ सामुदायिक आरोग्य आणि प्रसूतीला दे, आयसीयूतल्या मुली तिथेच मार्क घालवतात. पूर्व आणि मुख्य अशा दोन पायऱ्या आहेत, निगेटिव्ह मार्किंग आहे, अंदाजाने उत्तरं देऊ नकोस.

आणि इनचार्ज सिस्टरना भेटून महिन्याच्या नाईट एका आठवड्यात सलग लावून मागायच्या. तोंडी सांगू नकोस, अर्ज लिहून दे आणि पोच घे. त्याच अर्जात रात्री एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरचे किती पेशंट असतात तेही तारखांसकट लिही. उद्या काही घडलंच तर तू आधी लेखी कळवलं होतंस हे दाखवता आलं पाहिजे. अर्जाचा मसुदा हवा असेल तर इथेच सांग, लिहून देते.